सायकल विजेची, पण पिशवी मात्र जुनीच!



गावोगाव आता विजेच्या सायकली दिसू लागल्या आहेत. कोणी दूध डेअरीला नेतो, कोणाची मुले तालुक्याच्या कॉलेजला जातात, कोणी मळ्यात पाणी धरायला रात्रीअपरात्री जातो. पेट्रोल नको, चढाला दम लागत नाही, आणि मोटर २५० वॉटच्या आत व वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी नको की लायसेन नको. म्हणून घरात एक गाडी असली तरी मुलांसाठी दुसरी ही सायकल घ्यावी असे पुष्कळांच्या मनात येते. आमच्याही आले.

पण सायकल घेताना आपण बॅटरी किती तास चालते, रंग कोणता, एवढेच विचारतो. रस्त्यात बंद पडली तर काय, हे कोणी विचारत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली जुनी खोड. ती मला एका संध्याकाळी चांगलीच भोवली. ती हकीकत आधी सांगतो, मग सामानाची यादी.

अकरा किलोमीटरची गोष्ट

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, कोरडवाहू भागातले. तालुक्याचे कॉलेज अकरा किलोमीटर. धाकटी मुलगी बारावीत. एसटीची वेळ जमेना, म्हणून कांद्याच्या पैशातून तिला विजेची सायकल घेतली. सहा महिने काही कुरकुर नाही. दिवाळी झाली, दिवस लहान झाले. एके दिवशी जादा तासाहून परत येताना घरापासून पाच किलोमीटरवर मागचे चाक बसले. बाभळीचा काटा.

फाट्यावर पंक्चरचे दुकान होते. तिथवर तिने सायकल ढकलत आणली. दुकानदाराने मागच्या चाकात शिरलेली वायर पाहिली आणि हात वर केले. "ताई, हे करंटचं काम. चाक काढलं अन् काही बिघडलं तर तुझे वडील मला धरतील." त्याचेही चुकले नाही. पोरीजवळ ना पाना, ना पंप, ना ठिगळ. मोबाइलही उतरलेला. अंधारात वीस-बावीस किलोची सायकल ढकलत ती साडेआठला घरी पोचली. तिची आई दीड तास वेशीत उभी होती.

त्या रात्री जेवणे झाली नाहीत. आई म्हणाली, "उद्यापासून सायकल नको. आणि एसटी मिळत नसेल तर कॉलेजही नको." मी गप्प होतो. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. एका काट्यामुळे तिचे शिक्षण थांबायची वेळ आली होती, आणि काट्याचा दोष अर्धाच होता. उरलेला अर्धा माझा. सायकलीला हजारो रुपये घातले आणि एक पंप, दोन पाने घेताना मी हात आखडला होता.

दुसऱ्या दिवशी सायकल टेम्पोत घालून आठवडी बाजारात एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. लिंबाखाली बसून चाळीस वर्षे पंक्चर काढणारे गृहस्थ. त्यांनी चाकाकडे बघितले आणि हसले. "अण्णा, चाक काढायचं कशाला? आपण साध्या सायकलीचं मागचं चाक कधी काढतो का? टायर एका बाजूनं उतरवा, ट्यूब बाहेर ओढा, ठिगळ लावा. वायरला हात लावायचं कामच नाही."

खरेच की! आपल्या खेड्यातले पंक्चरवाले पिढ्यान्‌पिढ्या चाक जागेवर ठेवूनच पंक्चर काढत आले. विजेच्या सायकलीला तीच रीत सर्वांत सोयीची. आणि चाकाच्या तुंब्यात मोटर बसवायची कल्पनाही काही कालपरवाची नव्हे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या माणसाने १८९५ साली अशाच सायकलीचे पेटंट घेतले होते.

मिस्त्रींनी मुलीला बाकड्यावर बसवून तिच्याच हाताने पंक्चर काढून घेतले. मग एका कागदावर सामान लिहून दिले. त्यात माझ्या अनुभवाची भर घालून ती यादी तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गरज : पंक्चरचे सामान

दहातल्या नऊ वेळा सायकल अडते ती विजेने नव्हे, काट्याने. आपल्याकडे बाभूळ आहे, बोर आहे, आणि बांधावर सराटे तर पायलीने. तेव्हा पिशवीत हे आधी घाला :

टायर उतरवायच्या दोन-तीन पट्ट्या, सोल्युशनची नळी, पाच-सहा ठिगळे, काचकागदाचा तुकडा, एक लहान पंप, आणि आपल्या टायरच्याच मापाची एक नवी ट्यूब.

ट्यूबबद्दल नीट ऐका. आपल्या साध्या उंच सायकलीचे टायर २८ इंची, दीड इंच रुंद. खेड्यातल्या दुकानात तीच ट्यूब मिळते. विजेच्या सायकलींना बहुधा २६, साडेसत्तावीस किंवा २९ इंचाचे रुंद टायर असतात. ती ट्यूब फाट्यावर मिळेलच असे नाही. टायरच्या अंगावर माप छापलेले असते, ते वहीत लिहून ठेवा आणि तालुक्याहून एक ट्यूब आणून ठेवा.

तसेच व्हॉल्व्हचे. साध्या सायकलीला रबरी नळीचा बारीक व्हॉल्व्ह असतो. विजेच्या पुष्कळ सायकलींना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह येतो. घरचा जुना पंप त्याला बसत नाही. पंप घेताना सायकल दुकानात न्या, हवा भरून पाहा, मगच पैसे द्या.

सोल्युशनची नळी एकदा उघडली की हळूहळू वाळते. दर तीन महिन्यांनी दाबून पाहा. वाळली असेल तर नवी आणा. ऐन रस्त्यात रिकामी नळी पिळत बसण्यासारखा दुसरा मनस्ताप नाही.

चाक न काढता पंक्चर कसे काढावे

१) आधी स्विच बंद करा, किल्ली फिरवून बॅटरी काढून बाजूला सावलीत ठेवा. चाकाशी काम चालू असताना मोटर चुकूनही फिरता कामा नये. शिवाय सायकल तेवढी हलकी होते.

२) खाली पोते अंथरून सायकल उलटी करा. हँडलवरचा काट्या-आकड्यांचा डबा जमिनीला टेकणार नाही असे पाहा. सायकलीला दोन पायांचे स्टँड असेल तर उलटी करायचीही गरज नाही.

३) चाक हळूहळू फिरवून काटा शोधा. सापडला तर उपटण्याआधी तिथे टायरवर खडूने किंवा कोळशाने खूण करा. मग काटा काढा आणि उरलेली हवा सोडा.

४) पट्ट्या घालून टायरची एकच बाजू रिंगेबाहेर काढा. डिस्क ब्रेक असेल तर त्या चकतीला पट्टी लागू देऊ नका, तेलकट हातही लावू नका. चकतीला तेल लागले की ब्रेक घसरतो.

५) खुणेच्या जागी ट्यूब बाहेर ओढा. भोक दिसले नाही तर थोडी हवा भरून ट्यूब गालाजवळ धरा. हवेची झुळूक लागते. तरीही नाही, तर बाटलीतले पाणी थेंब थेंब सोडा, बुडबुडे येतील.

६) जागा कोरडी करून काचकागदाने घासा. सोल्युशनचा पातळ हात द्या आणि पाच मिनिटे थांबा. इथेच सगळे घाई करतात. सोल्युशन बोटाला ओले लागेनासे झाले की मगच ठिगळ दाबून बसवा.

७) ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून एक फडके फिरवा. सराट्याचे टोक राहिले असेल तर फडके अडकते. बोट फिरवू नका, रक्त निघेल. हे राहून गेले तर अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा तेच पंक्चर.

८) ट्यूबमध्ये जराशी हवा भरा, म्हणजे तिला घडी पडत नाही. ती आत बसवा. टायर अंगठ्यांनी ढकलत शेवटी व्हॉल्व्हजवळ या. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून पाहा, म्हणजे ट्यूब टायरखाली चिमटत नाही. मग टायरवर छापलेल्या आकड्याप्रमाणे हवा भरा. हवा कमी ठेवली तर पंक्चरही वाढतात आणि बॅटरीही लवकर उतरते.

चाक काढावेच लागले तर

ट्यूब फाटली, व्हॉल्व्हपाशी उखडली, तर ठिगळ चालत नाही. मग चाक उतरवणे आले. पुढचे सोपे. मागच्या चाकात मोटर असेल तर थोडी काळजी.

मोटरची वायर चौकटीला प्लास्टिकच्या बारीक पट्ट्यांनी बांधलेली असते. त्या चाकूने कापा, वायर मात्र कापू नका! थोडे वर वायरीचा जोड असतो. तो सरळ ओढून काढायचा, पिळायचा नाही. आत बारीक सुया असतात, पिळल्या तर वाकतात. परत लावताना दोन्हीकडचे बाण समोरासमोर आणा आणि सरळ दाबा.

मागच्या चाकाचे नट साध्या सायकलीपेक्षा मोठे असतात, पुष्कळदा १८ नंबरचे. पाना घेण्यापूर्वी आपल्या सायकलीला लावून पाहा. नटाखाली दाते असलेला वायसर असतो. तो कोणत्या बाजूला, कोणत्या क्रमाने होता हे उघडण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा. हा वायसर शोभेसाठी नाही. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे रेटते, तेवढ्याच जोराने ती आपला दांडा मागे फिरवायला बघते. वायसर चुकला किंवा नट ढिला राहिला तर दांडाच फिरतो आणि मोटरची वायर तुटते. एक साधा पाना नसल्याने मोटर जायची. म्हणून तो पाना पिशवीत असावाच, आणि महिन्यातून एकदा नट आवळून पाहावेत.

पाने आणि बारीकसारीक वस्तू

यांखेरीज हे ठेवा : ४, ५ आणि ६ नंबरच्या एलन चाव्या (हँडल, सीट, ब्रेक यांचे बहुतेक स्क्रू याच मापांचे), एक डिस्मिस, लहान पक्कड, चाकू, प्लास्टिकच्या दहाबारा पट्ट्या, वायरमनची काळी चिकटपट्टी, वीतभर बाइंडिंग तार, फडके आणि जुन्या ट्यूबची एक लांब रबरी पट्टी. काही बांधायला त्या पट्टीसारखे दुसरे साधन नाही.

चेनची एक जोडकडी ठेवा. एका गियरच्या सायकलीला टाचणीसारख्या क्लिपची कडी लागते. क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवायचे. उलटे बसवले तर क्लिप निसटून पडते. गियरची सायकल असेल तर कडी वेगळी लागते, दुकानातून आपल्या चेनची मागून घ्या.

मागच्या चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, मोटरमुळे आखूड असतात. गावातला साधा स्पोक बसत नाही. सायकल घेतली तिथूनच दोन-तीन जादा आणून चौकटीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. रस्त्यात स्पोक तुटला तर तो शेजारच्या स्पोकला चिकटपट्टीने गुंडाळा आणि सावकाश घरी या.

आणि एक विसरू नका, विजेरी. सायकलीचा दिवा बॅटरीवर चालतो. बॅटरी बंद पडली की दिवाही गेला. सेलवरची लहान विजेरी जवळ असली म्हणजे अंधारात काम करता येते आणि मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसतो.

मोटर चालेनाशी झाली तर

घाबरू नका. पायडल मारून घरी येता येतेच. पण आधी या गोष्टी क्रमाने पाहा.

बॅटरी जागेवर नीट बसली आहे का? खड्ड्यात आपटून ती जरा सरकते. काढून, तिची टोके कोरड्या फडक्याने पुसून, पुन्हा दाबून बसवा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

ब्रेकच्या मुठी पूर्ण सुटल्या आहेत का? पुष्कळ सायकलींत ब्रेक दाबला की मोटर आपोआप थांबते. मूठ मातीने अडकून किंचित दाबलेली राहिली तरी मोटर चालत नाही.

वायरींचे जोड ढिले झाले आहेत का? एकेक दाबून पाहा. पायडलच्या दांड्यापाशी लोहचुंबकाची चकती असते. तिच्यात चिखल, पाचट अडकले आहे का तेही पाहा.

शेवटी फ्यूज. ज्या बॅटरीला बाहेरून बदलता येणारा फ्यूज असतो, त्याच आकड्याचे दोन फ्यूज पिशवीत ठेवा. पण बंधूंनो, इथे हात जोडून सांगतो. घरच्या मीटरवर आणि मोटारीच्या पेटीत आपण फ्यूजच्या जागी तार गुंडाळतो, ती करामत इथे करू नका. फ्यूज जातो तो बॅटरी वाचवण्यासाठी. नवा फ्यूज घातल्याबरोबर गेला तर दोष आत आहे. बॅटरी काढा, पायडल मारत घरी या आणि जाणकाराला दाखवा. लिथियमची बॅटरी पेटली तर घोंगडे टाकून विझत नाही.

बॅटरीचा डबा स्वतः कधीही उघडू नका. तो फुगला, तडकला, वास येऊ लागला, तर चार्जिंगला लावू नका.

काय नेऊ नये, काय घरी ठेवावे

चार्जर रोज सायकलीवर नेऊ नका, धक्क्यांनी खराब होतो. दिवसभर मुक्काम असेल तरच फडक्यात गुंडाळून न्या. दुसऱ्याचा चार्जर बसला म्हणून लावू नका. ३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीला ४२ व्होल्टचा चार्जर लागतो, जुन्या आम्लाच्या बॅटरीचा चालत नाही.

बॅटरीची दुसरी किल्ली घरी खुंटीला. किल्लीवर नंबर असेल तर तो वहीत लिहा.

चार्जिंग कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा अंथरुणाशेजारी करू नका. मोकळ्या फरशीवर, घरात जाग असताना करा. उन्हातून आल्याबरोबर लावू नका, बॅटरी निवू द्या. खर्चाची काळजी नको. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास वीज मावते. चार्जरमधली घट धरली तरी अर्ध्या युनिटच्या आत काम होते. एवढ्यात वाटेच्या चढउताराप्रमाणे साधारण पंचवीस-तीस किलोमीटर जाता येते. जायचे-यायचे अंतर याच्या आत ठेवा.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी असेल तर चाकाचा तुंबा बुडेल एवढ्या पाण्यात सायकल घालू नका. पाणी ओसरेपर्यंत थांबलेले बरे.

पिशवी अशी शिवा

जुन्या खाकी पँटीच्या कापडाची, आत कप्पे असलेली, दोरीने आवळता येणारी पिशवी घरीच शिवा. पाने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळा, म्हणजे खडखडत नाहीत आणि ट्यूबला भोक पाडत नाहीत. पावसाळ्यात आत प्लास्टिकची पिशवी. पिशवी सीटखाली किंवा कॅरियरला घट्ट बांधा. बॅटरीवर किंवा वायरीवर बांधू नका.

पण नुसती पिशवी बांधून भागत नाही. जो सायकल चालवतो त्याने एकदा तरी घरच्या अंगणात पंक्चर काढून पाहिले पाहिजे. मुलगा असो, मुलगी असो, सासूबाई असोत की सूनबाई. रविवारी दोन तास द्या. न वापरलेले हत्यार आणि न नांगरलेले रान सारखेच.

आमच्या घरी ती पिशवी तिच्या आईनेच शिवली. काही बोलली नाही, रात्री मशीनवर बसली आणि सकाळी पिशवी सायकलीला बांधलेली होती. फेब्रुवारीत परीक्षेच्या तोंडावर पुन्हा काटा लागला, त्याच रस्त्याला, त्याच सुमारास. आम्हाला फोन आला, "पंक्चर आहे, अर्धा तास उशीर होईल, कोणी येऊ नका." मी चप्पल घालून उठलोच होतो. तिची आई म्हणाली, "बसा. ती सांगतेय ना."

पस्तीस मिनिटांनी सायकल अंगणात आली. पोरीचे हात कोपरापर्यंत काळे. आईने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "राख घे अन् हात धू. चहा टाकलाय."

तेव्हा वाचकहो, घरात विजेची सायकल असेल तर आजच तिच्यापाशी जा. नट कितीचा आहे, ट्यूब कोणत्या मापाची आहे, व्हॉल्व्ह कसला आहे, एवढे तीन आकडे कागदावर लिहा. पुढच्या बाजाराला जाताना तो कागद खिशात असू द्या.